सीझनआधीचे आठ आठवडे: बास्केटबॉलवाल्यांनी जिममध्ये आणि कोर्टवर नक्की काय करायचं

जून-जुलैत कॉलेज सुरू झालं की टीमच्या ग्रुपवर मेसेज पडतो, उद्यापासून सकाळी सहाला प्रॅक्टिस, आणि पहिल्या दिवशी सर सगळ्यांना ग्राउंडला दहा राऊंड मारायला लावतात. मग बारा, मग पंधरा. तिसऱ्या आठवड्यात निम्म्या पोरांच्या नडग्या दुखत असतात, दोघंतिघं "ताप आहे सर" करून गायब, आणि एवढं करून पहिल्या मॅचच्या दुसऱ्या क्वार्टरलाच सगळे कमरेवर हात ठेवून उभे. राऊंड मारून स्टॅमिना येतो, नाही असं नाही, पण तो राऊंड मारायचाच स्टॅमिना असतो.

१९९५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल लीगमधल्या खेळाडूंचे मॅचमधले व्हिडिओ बघून मोजदाद झाली होती, त्यात एकेक जण मॅचभरात साधारण हजार वेळा हालचाल बदलत होता, म्हणजे दर दोनेक सेकंदांनी काहीतरी वेगळं, चालला, सरकला, पळाला, उडी मारली, थांबला, परत मागे. जोरातली एकेक धाव दोन सेकंदांच्या आत संपत होती. कोर्ट मुळात २८ बाय १५ मीटरचं, त्यात सरळ रेषेत पळायला जागा आहेच कुठे. आणि घोटा मुरगळतो, गुडघा जातो ते पळताना कमी, रिबाउंडवरून (हुकलेला शॉट पकडायला मारलेल्या उडीवरून) खाली उतरताना आणि फुल स्पीडमध्ये कचकन थांबून वळताना जास्त.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, आधी थांबायला आणि उतरायला शिका, त्याच्या जोडीला ताकद, मग उडी, आणि दम काढणारं पळणं हळूहळू वाढवत शेवटाकडे न्या. बहुतेक टीम याच्या बरोबर उलट करतात. पहिल्या मॅचची तारीख माहीत असेल तर तिथून मागे आठ आठवडे मोजा, तारीख नसेल तर गेल्या वर्षीची धरा, तसंही स्पोर्ट्सचं शेड्यूल ऐनवेळी बदलतंच.

आधी स्वतःला तपासा

खर्च शून्य, अर्धा तास लागतो. भिंतीशेजारी उभं राहून हात वर ताणा, जिथे बोटं पोचतात तिथे खडूने खूण. मग बोटांना खडू चोळून जागेवरून उडी, वरची खूण. दोघांमधलं अंतर सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा, तीन उड्यांतली सगळ्यात चांगली. पळत येऊन घेतलेली उडी वेगळी मोजा, ती याच्यात मिसळू नका.

दुसरं म्हणजे घोटा. अनवाणी भिंतीसमोर उभं राहायचं, पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागे, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. अंगठा हळूहळू मागे सरकवत जा, टाच उचलायच्या आधीचं जास्तीत जास्त अंतर मोजा. दहा सेंटीमीटरच्या आसपास असेल तर ठीक, त्याहून बरंच कमी असेल किंवा दोन पायांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तो पाय आधी कधीतरी मुरगळला होता आणि नंतर नीट मोकळा केलेला नाही अशी शक्यता आहे. तिथे रोज दोन मिनिटं हीच हालचाल करा, टेस्ट तीच आणि व्यायामही तोच.

मग एका पायावर उभं राहून टाचा उचलणे, गुडघा सरळ, भिंतीला फक्त बोट लावून. वीस-पंचवीस नीट व्हायला पाहिजेत. बाराला पोटरी थरथरायला लागली तर उड्यांचा विचार जरा लांबच ठेवा. शेवटचं, खुर्चीवरून एका पायावर उठणे-बसणे, आणि समोरून मित्राला व्हिडिओ काढायला सांगा. गुडघा आत पडतोय का ते बघायचं, ते स्वतःला कळत नाही, व्हिडिओत लगेच दिसतं. मुलींनी हे जरा जास्तच गांभीर्याने घ्या कारण एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा आतला लिगामेंट) फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त आहे, आणि त्यातल्या बऱ्याच केसेसमध्ये कुणाचा धक्का वगैरे काही लागलेला नसतो, एकटीच उतरली आणि गुडघा आत वळला.

पहिले तीन आठवडे: उतरणं आणि थांबणं

एक फूटभर उंचीचा ओटा किंवा बॉक्स घ्या. त्यावरून उडी मारायची नाही, एक पाय पुढे काढून नुसतं खाली यायचं, दोन्ही पाय एकदम टेकवायचे आणि टेकताच गोठल्यासारखं तीन सेकंद तिथेच. गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत, कुल्ले मागे, छाती गुडघ्यांच्या वर, वजन अख्ख्या तळव्यावर. आता आवाज ऐका. "धप्प" आला म्हणजे सगळा भार सांध्यांनी घेतला, स्नायू झोपलेले होते. हॉलमध्ये दहा पोरं एका रांगेत हे करत असतील तर डोळे मिटूनसुद्धा कळतं कोण चुकतंय, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा ते टीममधलं सगळ्यात उंच उडणारं पोरगं असतं. त्याला पाच वेळा "आवाज न करता उतर" एवढंच सांगा, गुडघा असा ठेव कंबर तशी ठेव असलं लेक्चर देऊ नका, शरीर आपोआप वाकायला शिकतं.

एका सेशनला अशा ४० ते ६० वेळाच जमिनीला पाय लागू द्या, आठवड्यातून दोनदा. दोन पायांवर गप्प उतरता यायला लागलं की एका पायावर, मग बाजूला उडी मारून एका पायावर, मग हवेत असताना कुणीतरी खांद्याला हलका धक्का द्यायचा, कारण मॅचमध्ये रिबाउंडला तुम्हाला कुणी निवांत उतरू देणार नाहीये.

थांबायचं काम कोर्टवर. बेसलाइनवरून (बास्केटमागच्या कडेच्या रेषेवरून) निम्म्या स्पीडने हाफ लाइनपर्यंत (कोर्टच्या मधल्या रेषेपर्यंत), आणि लाइनच्या आत तीन पावलांत पूर्ण थांबा. दर आठवड्याला स्पीड थोडा वाढवा, तिसऱ्या आठवड्यात फुल स्पीडने येऊन थांबता आलं पाहिजे. क्लोजआउट म्हणजे दुसरं काय असतं, शूटरवर धावून जायचं आणि तो ड्राइव्ह घ्यायच्या, म्हणजे बॉल घेऊन बास्केटकडे घुसायच्या, आत ब्रेक लावायचा.

जिम याच तीन आठवड्यांत सुरू, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. स्क्वॉट (वजन छातीशी धरून), रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून कमरेतून झुकत वजन खाली नेणं आणि परत उभं राहणं), स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून), पुशअप, पुलअप किंवा डंबेल रोइंग, टाचा उचलणे. प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १० वेळा, आणि सेट संपताना अजून दोन-तीन मारता आले असते असं वाटलं पाहिजे. टाचा उचलण्याचे दोन प्रकार करा, गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, कारण पोटरीत दोन वेगवेगळे स्नायू आहेत आणि वाकलेल्या गुडघ्याने काम करणारा आतला स्नायू डिफेन्स स्टान्समध्ये (गुडघे वाकवून बचावाला उभं राहताना) पूर्णवेळ ड्युटीवर असतो.

जिम नाहीये, किंवा कॉलेजच्या जिमला कुलूप आहे आणि चावी ज्यांच्याकडे आहे ते अकरालाच येतात, तर पाण्याचा वीस लिटरचा जार घ्या. पूर्ण भरला की वीस किलो, अर्धा भरला की दहा, छातीशी कवटाळून स्क्वॉट करा, अर्ध्या जारमध्ये पाणी हिंदकळतं त्यामुळे पोटाचे स्नायूही कामाला लागतात. सॅकमध्ये पुस्तकं भरून स्प्लिट स्क्वॉट. पुलअपला ग्राउंडवरचा सिंगल बार असतोच.

आखाड्यातले जोर-बैठका चालतील का असं बरेच जण विचारतात. जोर मस्त, खांदे आणि पाठ दोन्हीला, बिनधास्त करा. बैठका चवड्यांवर आणि गुडघे पूर्ण मिटून असतात, थोड्या चालतील, पण शंभर-दोनशेच्या हिशोबात उड्यांच्या दिवसांत नको, गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनला आधीच भरपूर काम आहे.

दोन व्यायाम असे आहेत जे कुणालाच आवडत नाहीत आणि म्हणूनच सांगतो. एक नॉर्डिक, गुडघ्यांवर बसायचं, खाली सतरंजीची घडी, मित्राने घोटे दाबून धरायचे, आणि शरीर सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे पडायचं, शेवटी हातावर. पहिल्या आठवड्यात दोन सेट पाच-पाचचे पुरे, दुसऱ्या दिवशी मांडीचा मागचा भाग असा भरून येतो की जिना उतरताना शिव्या घालाल. दुसरा कोपनहेगन प्लांक, बाजूच्या प्लांकमध्ये (कुशीवर, कोपर टेकवून शरीर सरळ उचलून धरायचं) वरचा पाय बाकावर ठेवून खालचा पाय हवेत, मांडीच्या आतल्या बाजूसाठी. सरकत डिफेन्स करणाऱ्यांचे जांघेतले स्नायू खेचले जातात, त्यावर हा चांगला उपाय आहे. सुरुवातीला घोट्याऐवजी गुडघा बाकावर ठेवा, सोपं पडतं.

पळणं या काळात आठवड्यातून दोनदाच. बेसलाइन ते बेसलाइन ७० टक्के जोराने १५ सेकंद, मग १५ सेकंद चालायचं, असं सहा मिनिटं, तीन मिनिटं आराम, परत सहा मिनिटं. बोलता येईल पण गप्पा मारता येणार नाहीत इतपत दम लागायला पाहिजे.

चौथा ते सहावा: आता जोर लावा

जिममध्ये वजन वाढवा, आकडा कमी करा. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट ४ सेट ५ वेळा, मध्ये पूर्ण दोन-तीन मिनिटं आराम, रील्स बघत दहा मिनिटं नाही. टेक्निक बिघडलं की सेट संपला, मोजणी पूर्ण झाली असो वा नसो. उड्या जिमच्या आधी घ्यायच्या, पाय ताजे असताना. जागेवरून उंच उडी, लांब उडी, बाजूला एका पायावरून दुसऱ्या पायावर, आणि दोन पावलं घेऊन रिमकडे किंवा नेटकडे झेप. तीन ते पाच उड्या, मग मिनिटभर थांबा. उडीचा सराव दमून केला की उडी वाढत नाही, फक्त गुडघे दुखतात. बॉक्स जंपमध्ये छातीएवढ्या बॉक्सवर चढायचे व्हिडिओ सगळे टाकतात, त्यात उडी किती आणि गुडघे पोटाशी घेणं किती ते नीट बघा एकदा. आणि बॉक्सवरून परत खाली उडी मारू नका, पायरीसारखं उतरा.

दमाचं काम इथे खरं सुरू होतं. कोर्टच्या रुंदीवर साइडलाइन ते साइडलाइन एका मिनिटात १७ वेळा, हे जुनं ड्रिल आहे, १५ मीटरच्या हिशोबाने २५५ मीटर होतात आणि सोळा वेळा थांबून वळावं लागतं, म्हणून ते ग्राउंडच्या राऊंडपेक्षा आपल्या कामाचं. पहिल्या दिवशी एकदाच करा आणि वेळ लिहा, मिनिटाच्या वर गेला तरी चालेल. मग दोन मिनिटं आराम देऊन दोनदा, पुढच्या आठवड्यात तीनदा. बाकी दम बॉलसोबतच काढा, फुल कोर्ट दोनास दोन हा सगळ्यात जालीम प्रकार आहे, चार बास्केटपर्यंत खेळायचं, हरलेली जोडी बाहेर, लपायला जागाच नाही. फ्री थ्रो या सगळ्यानंतर, धापा टाकत असताना घ्या.

पायऱ्यांवर पळणं चढताना उत्तम, कारण आपटणं कमी आणि जोर जास्त. पण उतरताना चालत या, तिथे गुडघ्यावर सगळ्यात जास्त भार येतो. पुण्यातली बरीच पोरं पर्वतीला जातात, जा, पण पावसात तिथले दगड निसरडे असतात, अशा दिवशी बिल्डिंगचा जिना बरा. तेच आपल्या बाहेरच्या सिमेंट कोर्टचं, पाऊस थांबून ऊन पडलं तरी कडेला आणि बास्केटखाली हिरवट शेवाळाचा थर राहतो, वरून सुकल्यासारखा दिसतो. खराट्याने घासून काढा, नाहीतर त्या दिवशी नुसतं शूटिंग. सिमेंटवर उड्यांचं सेशन घेऊ नका, हॉल, माती, मॅट, जे मिळेल ते.

पुण्याच्या पोरापोरींसाठी अजून एक. याच दिवसांत ढोल पथकांच्या प्रॅक्टिस चालू असतात आणि टीममधले दोघंतिघं तरी पथकात असतातच. संध्याकाळी दोन तास कंबरेला ढोल बांधून उभं राहून वाजवणं हे सुद्धा लोडच आहे, म्हणजे शरीरावरचा ताणच, कंबर आणि पोटऱ्या दोन्ही भरतात. सोडा असं म्हणत नाही, कुणी ऐकणारही नाही, पण ज्या दिवशी वादन त्या दिवशी सकाळी डेडलिफ्ट नको, आणि कोचला आधीच सांगा. दहीहंडीच्या थरात असणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट सांगतो, एक काहीतरी निवडा.

सातवा-आठवा: कमी करा, सोडू नका

इथे दोन प्रकारचे लोक दिसतात. एक, मॅच जवळ आली म्हणून डबल प्रॅक्टिस लावणारे, आणि दुसरे, मॅच आली म्हणून जिम पूर्ण बंद करणारे. दोन्ही नको. जिम दोन दिवसांवर आणा, वजन तेवढंच ठेवा, सेट निम्मे करा. उड्याही निम्म्या, पण पूर्ण जोराच्या. मोकळ्या झालेल्या वेळात पाचास पाच खेळा, खऱ्या घड्याळाने, १० मिनिटांचे क्वार्टर, २४ सेकंदांचा शॉट क्लॉक (बॉल हातात आल्यावर शॉट मारायची मुदत) कुणीतरी बाहेरून ओरडून मोजायचा. शेवटच्या आठवड्यात पहिल्या दिवसाच्या टेस्ट परत घ्या. उडी वाढलेली दिसेल, नसेल वाढली आणि पाय जड वाटत असतील तर तुम्ही कमी केलेलं नाहीये, अजून कमी करा.

लोड कळायला एक सोपी पद्धत आहे, प्रॅक्टिसनंतर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं दहापैकी किती जड गेलं, आणि त्याला मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटं आणि सहा म्हणजे ५४०. आठवड्याची बेरीज वहीत लिहा. एका आठवड्यात ती एकदम दीडपट झाली की पुढचे दिवस जपून.

दुखलं तर

व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते वाढलेलं नसणं, इतपत चालवून घेता येतं. वाटीच्या खाली टोचल्यासारखं दुखत असेल तर पूर्ण आरामाने ते बऱ्याचदा परत येतं, त्यापेक्षा भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसा, ४५ सेकंद, पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं आराम, आणि उड्या कमी करा. तेरा ते पंधराच्या वयात गुडघ्याखाली हाडाचा टेंगूळ येऊन दुखत असेल तर ते बहुतेक वाढीच्या वयातलं असतं, एकदा ऑर्थोला दाखवून घ्या आणि उड्यांचं प्रमाण उतरवा. वजन उचललं की उंची खुंटते ही भीती मात्र आईवडिलांच्या डोक्यातून काढा, नीट शिकवणारा कुणी असेल तर शाळेतल्या मुलांनाही ताकदीचे व्यायाम चालतात.

वळताना "टक" आवाज येऊन गुडघा काही तासांत सुजला, गुडघा निसटल्यासारखा वाटला, किंवा घोटा मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील तर तेल चोळणाऱ्याकडे जायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. एकदा घोटा मुरगळलेल्यांनी पूर्ण सीझन लेस असलेला ब्रेस घाला, आणि रोज एका पायावर उभं राहून भिंतीवर बॉल पास करा, डाव्यावर तीस, उजव्यावर तीस.

खाणं आणि झोप

ताकदीचं काम चालू असताना वजनाच्या दर किलोला साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन धरा. ७० किलोच्या पोराला ११२ ग्रॅम. आपल्या घरच्या ताटात हे सहज बसत नाही, कारण वरणात डाळ किती आणि पाणी किती ते आपल्यालाही माहीत आहे. चार अंडी २४, दोन ग्लास दूध १६, शंभर ग्रॅम पनीर १८, पन्नास ग्रॅम सोया चंक्स २५, मूठभर शेंगदाणे ७-८, आणि बाकी पोळी, भाकरी, उसळीतून निघतं. अंडी खात नसाल तर सोया आणि उसळ वाढवा. श्रावणात उपवास असतील तर नुसती साबुदाणा खिचडी खाऊन प्रॅक्टिसला येऊ नका, सोबत दही, दूध, शेंगदाण्याचं कूट जास्त, राजगिरा, असं काहीतरी घ्या आणि जड सेशन दुसऱ्या दिवशी ठेवा. पावडरचे डबे नंतर, आधी नाश्ता करायला लागा, सकाळी सहाच्या प्रॅक्टिसला निम्मी टीम चहा-बिस्किटावर आलेली असते.

मुलींपैकी कुणी सगळं नीट करूनही दम वाढतच नसेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर तिला आणखी पळवू नका, हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये ॲनिमिया निघाला होता, म्हणजे तुमच्या बारा जणींच्या टीममध्ये तो असण्याची शक्यता किती ते बघा. आणि गोळ्या डॉक्टरांना विचारून.

प्रॅक्टिसच्या आधी आणि नंतर वजन करा, जेवढे किलो उतरले तेवढे लिटर पाणी आणि वर थोडं जास्त, पुढच्या काही तासांत. पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही म्हणून अंग तापलेलंच राहतं, लिंबू सरबत मीठ-साखर घालून न्या.

झोपेचं कुणी ऐकत नाही, तरी सांगतो. २०११ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमला काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं होतं, त्यांचे फ्री थ्रो ९ टक्क्यांनी सुधारले आणि स्प्रिंटचा वेळही कमी झाला. अकराच जण होते, छोटा प्रयोग आहे, पण फुकट आहे. सहाची प्रॅक्टिस असेल तर दहा वाजता फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

सीझन सुरू झाल्यावर आठवड्यातला एक जिमचा दिवस कॅलेंडरवर पक्का ठेवा, मॅचनंतरचा दिवस सोडून आणि पुढच्या मॅचच्या किमान दोन दिवस आधी. स्क्वॉट, डेडलिफ्ट, पुलअप, पोटऱ्या, नॉर्डिकचा एक सेट, पाऊण तासात बाहेर. दोन मॅचेस एकाच आठवड्यात आल्या तर सेट आणखी कमी करा पण वजन तेच ठेवा.